मधुमेहाच्या जखमेवर अळ्या सोडतात, हा उपचार खरा की अघोरी प्रकार?

अघोरी म्हणणाऱ्यांनी आधी सडक्या जखमेचं ड्रेसिंग रोज स्वतःच्या हाताने करून बघावं.

तुमच्या वडिलांची टाचेची जखम भरत नाही, म्हणून विचारताय. उपचार खरा आहे. मी का लिहितेय ते सांगते.

माझ्या सासऱ्यांना जुनी शुगर. तळव्याची संवेदना गेलेली, त्यामुळे अंगठ्याखाली खड्डा पडला तरी त्यांना कळलं नाही. ड्रेसिंग मीच करायचे. सिंहगड रस्त्यावरचं तळमजल्याचं घर, भर पावसाळा, आणि दुपारी पट्टी सैल करून झोपायची त्यांची सवय. एका सकाळी पट्टी सोडली तर आत वळवळ. दवाखान्यात टर्पेंटाईन टाकून चिमट्याने एकेक अळी काढली. मग सर्जन वाकून बघत राहिले. जो पिवळा स्लफ, म्हणजे मेलेल्या मांसाचा थर, ते दर खेपेला ब्लेडने खरवडायचे, तो बराचसा गेला होता आणि खाली लाल मांस दिसत होतं. "माझं काम यांनीच केलं," म्हणाले.

हे नणंदेने ऐकलं नाही. ती संध्याकाळी नाशिकहून आली आणि भरल्या घरात म्हणाली, "वहिनी, बाबांच्या पायात किडे पडेपर्यंत तुमचं लक्ष कुठे होतं?" माशीला अंडी घालायला किती वेळ लागतो? एका दिवसात त्यांतून अळ्या निघतात. हे तेव्हा ठाऊक असतं तर तिथेच सुनावलं असतं. आता इथे सुनावते.

१९१७ मध्ये फ्रान्समध्ये विल्यम बेअर या अमेरिकन सर्जनकडे दोन सैनिक आणले गेले. सात दिवस रणांगणात पडून, मांडीची हाडं मोडलेली, जखमा अळ्यांनी भरलेल्या. पण ताप नाही, आणि अळ्या धुतल्यावर खाली गुलाबी, निरोगी मांस. त्यांच्या बायकांनाही कुणी लक्ष कुठे होतं म्हणून विचारलं असेल का? पुढे बेअरने बाल्टिमोरला हाडांच्या जुनाट संसर्गावर हेच वापरलं. पेनिसिलिन आलं आणि सगळे विसरले. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, परवानगी दिली. अळ्या चावत नाहीत, स्राव सोडून मेलेलं मांस विरघळवतात आणि शोषतात. दोन-तीन दिवसांनी काढून टाकायच्या.

आता हे वाचून पट्टी उघडी ठेवून बसू नका! उपचारातल्या अळ्या ल्युसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीच्या, निर्जंतुक केलेल्या अंड्यांतल्या असतात. आपल्याकडे क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी आहे, तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. सासऱ्यांचं नशीब बरं. शिवाय अळ्या जखम साफ करतात, भरून देतीलच असं नाही. इंग्लंडमध्ये पायाच्या जखमांवर मोठी चाचणी झाली, २००९ मध्ये निकाल आला: सफाई लवकर, भरायला वेळ तेवढाच, दुखणं जास्त. सुक्या गँगरीनवर चालत नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि त्याही आधी डॉपलर करून पायात रक्त पोचतंय का ते बघा, टाचेवरचा भार काढा, शुगर आणा खाली. टाचेवर दाब राहिला तर अळ्या काय करणार?

गावाहून येणारी बहीण असेल तर आल्या दिवशी एक ड्रेसिंग तिच्याकडूनच करून घ्या. चहा त्यानंतर.