दोन रुपयांच्या नाण्याची मागची बाजू उलटी छापली गेली आहे. व्हिडिओत सांगतात तसे खरंच पाच लाख मिळतात का?

लाख विसरा. पण खर्चून टाकण्याआधी नाणं एकदा नीट तपासा.

सिंहमुद्रा सरळ धरा आणि डावी-उजवी कड पकडून पुस्तकाचं पान उलटतो तसं नाणं उलटा. आपल्या नाण्यांवर मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. वरून खाली उलटलंत तर कुठलंही नाणं 'एरर' वाटेल. विकायला काढलेल्या बऱ्याच नाण्यांचं रहस्य एवढंच असतं!

तरीही आकडा उलटा दिसला, तर टांकसाळीत साचा फिरलेला होता. पाच-दहा अंशांना कुणी विचारत नाही. ९० किंवा १८० अंश असेल तर संग्राहक घेतात, पण अशी नाणी बरीच निघतात, त्यामुळे भाव बेताचाच.

खरी मजा 'लखी'त. छापून झालेलं नाणं साच्यालाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्यावर येऊन दाबली जाते. मग एका बाजूला नेहमीचा उठाव, दुसऱ्या बाजूला तीच छाप खोलगट आणि उलट्या अक्षरांची. नकली लखी दोन नाणी शिकंज्यात आवळून करतात, म्हणून उठावाची बाजू भिंगाखाली बघा. ती चेपलेली असेल तर सोडून द्या.

कड चंद्रकोरीसारखी तुटलेली असेल तर तुटीच्या बरोबर समोरची कड बघायची. चकतीच मुळात तुटकी असेल तर सहसा तिथे कड नीट उठत नाही, पुसट राहते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठणठणीत असते. छाप सरकलेली असेल तर वजन मात्र पूर्ण भरतं: २०१२ ते २०१८ सालचे दोन रुपये ४.८५ ग्रॅम, दहा रुपये ७.७१ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर लगेच कळेल. सरकलेल्या छापेत साल दिसत असेल तर भाव चढतो.

आणि भाव म्हणजे लिलावात प्रत्यक्ष सुटलेली बोली. जाहिरातीत कुणीही काहीही आकडा टाकतो. 'आधी कमिशन भरा, मग नाणं घेतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळतात म्हणून बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलं होतं.

चिंचेने घासून चकचकीत मात्र करू नका, असलेली किंमतही जाते. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाका, बघून सांगतो.