शिवीचे स्पेलिंग आणि बोलीचा हेल

प्रश्न : इंग्रजी कादंबऱ्यांतील संवादांत ‘फूक’, ‘फेक’, ‘शाइट’, ‘आर्स’ अशी शिव्यांची निरनिराळी रूपे आढळतात. हे प्रादेशिक उच्चार समजावेत, की शिवी सौम्य करण्याची युक्ती?

उत्तर : बोलीच्या उच्चाराची नक्कल म्हणावी असे आपल्या यादीत ‘फूक’ हे एकच रूप आहे. 17व्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये अनेक शब्दांतील ऱ्हस्व ‘उ’ ‘अ’कडे झुकला, उत्तरेकडे तो बदल रुजला नाही, त्यामुळे तेथे ‘कप’ आणि ‘बस’ अजूनही ‘कुप’, ‘बुस’ यांच्या जवळपास ऐकू येतात आणि ती सुप्रसिद्ध चार अक्षरी शिवीही त्याच नियमाने चालते. लेखक हा स्वर दाखवण्यासाठी दोन ‘ओ’ घालतात आणि तो विनाकारण दीर्घ भासू लागतो.

‘शाइट’ हे स्कॉटलंड-आयर्लंडकडे अधिक ऐकू येत असले, तरी तो अपभ्रंश नव्हे. जुन्या इंग्रजीतील मूळ क्रियापदाचा स्वर दीर्घच होता. ‘आर्स’ हेही जुनेच रूप. ‘कर्स’चे ‘कस’ आणि ‘हॉर्स’चे ‘हॉस’ व्हावे, तसा ‘स’पूर्वीचा ‘र’ गळून अमेरिकेत त्याचे ‘अ‍ॅस’ झाले. म्हणजे आज तेथे सर्रास वापरले जाणारे स्पेलिंगच मुळात बोलीच्या उच्चारावरून आलेले आहे!

काही लेखक उच्चार न बदलता केवळ स्पेलिंग बिघडवतात, उदाहरणार्थ ‘वॉज’ हा शब्द डब्ल्यू-यू-झेड असा लिहितात. अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज फिलिप क्रॅप यांनी 1925 मध्ये या प्रकाराला ‘आय डायलेक्ट’ (आय म्हणजे डोळा; कानाला नव्हे, केवळ डोळ्याला जाणवणारी बोली) असे नाव दिले. त्यातून बोली मुळीच कळत नाही, बोलणारा अडाणी असल्याची सूचना तेवढी मिळते. शिव्यांच्या बाबतीत तर हा मला निव्वळ आळशीपणा वाटतो.

राहिला ‘फेक’. आयर्लंडमधील हा शब्द 1995 ते 1998 या काळात चॅनल फोरवर चाललेल्या ‘फादर टेड’ या मालिकेतील एका तिरसट वृद्ध पाद्र्याच्या तोंडून ब्रिटिश प्रेक्षकांच्या चांगलाच परिचयाचा झाला. तो केवळ आयरिश उच्चार असता, तर आयरिश माणसाच्या तोंडी मूळ शिवी कधी आलीच नसती. प्रत्यक्षात एकच माणूस दोन्ही शब्द वापरतो, चिडचिडीला ‘फेक’ आणि खऱ्या संतापाला मूळ शिवी. त्यामुळे सौम्यतेचा आपला तर्क या एका शब्दापुरता बरोबर आहे, आणि अनुवादात त्याच्या जागी जहाल मराठी शिवी घातल्यास ते पात्र उगाचच शिवराळ ठरेल.