सीएनटीचं रिन्युअल: तास भरण्याआधी हे बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत. सीएनटीच्या (सर्टिफाइड निओनेटल थेरपिस्ट, म्हणजे नवजात बाळांच्या थेरपिस्टचं प्रमाणपत्र) रिन्युअलला शिक्षणाचे तास कमी पडतायत, तर मिळतील ते वेबिनार करून टाकावेत का? आणि कोल्हापुरात पगारात फरक पडत नसेल तर हा खर्च करावाच का?

आधी एक घोळ मिटवू. ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी वेगळी, सीएनटी वेगळं. नोंदणी संपत आली असेल तर ते काम पहिलं, कारण तिच्याशिवाय महाराष्ट्रात प्रॅक्टिस करता येत नाही. सीएनटी अमेरिकेतल्या निओनेटल थेरपी सर्टिफिकेशन बोर्डाचं आणि ऐच्छिक आहे. रिन्युअलचे नियम बोर्डाच्या हँडबुकमधूनच वाचा, ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका. एखादा कोर्स धरला जाईल का अशी शंका असेल तर पैसे भरण्याआधी बोर्डाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

आता वेबिनार. नुसते तास भरायला करू नका, कळकळीनं सांगते. आपलं काम जिथे अडतं, तिथलाच विषय घ्या. तोंडाने दूध सुरू करताना अडत असेल तर फीडिंगचा. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भारपणापासूनचे आठवडे धरून साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो, पण बाळ आठवडे बघून दूध पीत नाही. बोटं फाकली, कपाळावर आठ्या आल्या, ओठांभोवती रंग उतरला, की थांबायचं. कुशीवर घेऊन, श्वासाला उसंत देत पाजायचं. हे हातात बसलेलं असलं की सिस्टरही आपल्याला बोलावून घेतात.

दुसरा विषय मी आवर्जून सुचवेन, जनरल मूव्हमेंट्सचा, म्हणजे बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली बघून मेंदूच्या वाढीचा अंदाज घेण्याचा. चंदगड, गगनबावड्याकडची बाळं डिस्चार्जनंतर फॉलोअपला येतातच असं नाही. एसटी, पाऊस, घरची कामं, आईचा तरी काय दोष? त्यातल्या फिजेटी, म्हणजे अंगभर होणाऱ्या छोट्या छोट्या हालचाली दिसतात त्या सुधारित वयाच्या (प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या) साधारण ३ ते ५ महिन्यांत. ती वेळ गेली की गेली. ही तपासणी मुळात व्हिडिओ बघूनच करतात. त्यामुळे बाळ उताणं, जागं, शांत, तोंडात काही नाही, समोर खुळखुळा नाही, असा काही मिनिटांचा व्हिडिओ आईला डिस्चार्जच्या आधीच काढायला शिकवा. तो बघून ज्या बाळाला बोलवायलाच हवं, त्याच्या घरी स्वतः फोन करा. मात्र व्हिडिओतल्या हालचालींवरून निदान करायचं तर रीतसर प्रशिक्षण हवंच. तुमचे तास तिथे खर्ची घाला.

खर्चाचं म्हणाल तर पगारवाढीच्या आशेनं रिन्युअल करू नका, आपल्याकडे ती क्वचितच मिळते. एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहायचं असेल तर मी करा म्हणेन. ओपीडीकडे वळायचं ठरत असेल तर सोडून द्या, त्यात कमीपणा नाही.

आणि कामाच्या तासांचं पत्र युनिटच्या प्रमुखांकडून दरवर्षी घेत चला. डॉक्टर बदलून गेले की जुन्या तासांवर सही द्यायला नवे तयार होत नाहीत. यंदाचं राहिलं असेल तर याच आठवड्यात मागा.