वाचक विचारतात: कूलरच्या घरघरीत ऑर्केस्ट्रा

प्रश्न: ‘इंटरस्टेलर’ आणि ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटांच्या संगीताचे अल्बम मोबाइलवर लावले. सुरुवात ऐकूच येत नाही, आवाज वाढवला की मध्येच कानठळ्या बसतात. रेकॉर्डिंगच खराब का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: रेकॉर्डिंग खणखणीत आहे. चित्रपटगीतांसारखा आवाज एका पातळीवर दाबलेला नसतो, एवढंच. ‘स्पिरिटेड अवे’चा (2001) संगीतकार जो हिसाइशी यांचा अल्बम एकट्या पियानोने उघडतो. तेवढं हळू वाजणं कूलर गिळून टाकतो. आता मे महिन्यात परभणीत कूलर बंद करा, असं कोण सांगणार? त्यापेक्षा कानात घट्ट बसणारे, रबरी टोपीचे इअरफोन घ्या. टोपी सैल असली की आधी खर्ज पळतो.

मग अल्बममधला सगळ्यात दणदणीत भाग आधी लावा, कानाला सोसेल तिथे आवाज ठेवा आणि पहिल्यापासून ऐका. मध्ये बटणाला हात नको. अ‍ॅपमध्ये आवाज सारखा करण्याची सोय ‘लाउड’वर असेल तर ती बंद करा, तीच चढउतार सपाट करते. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यात मिसळणं) आणि शफलही बंद.

‘इंटरस्टेलर’साठी (2014) संगीतकार हान्स झिमर यांनी लंडनच्या टेम्पल चर्चमधला पाइप ऑर्गन (नळ्यांमधून हवा सोडून वाजणारं अवाढव्य वाद्य) वापरला. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून 200 हर्ट्‌झखालचं (खर्जातलं) फारसं निघतच नाही, म्हणजे ऑर्गनचा पायाच गायब. त्यावर बेस बूस्ट चढवलात तर आवाज फाटेल, खर्ज काही येणार नाही.