आधी हुकूमनामा, मग सिबिल

प्रश्न : ताई, मिरजेत माझं फर्निचरचं दुकान होतं. २०१८ मध्ये बँकेकडून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. लॉकडाऊनमध्ये दुकान बसलं, हप्ते थकले, आणि २०२२ मध्ये बँकेला कोर्टातून माझ्यावर हुकूमनामा, म्हणजे थकबाकी वसुलीचा आदेश, मिळाला. दुसऱ्या बँकेच्या क्रेडिट कार्डाचे ६२ हजार होते, ते ४० हजारांत मिटवले. आता २८ हजार पगाराची नोकरी आहे. सिबिल ५४० आहे. बँकेचा वसुलीवाला म्हणतो, दीड लाख रोख द्या, विषय संपवू. एक एजंट आठ हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणतो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : एजंटाला वाटेला लावा. खरी नोंद त्याला पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला पैसे पडत नाहीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या; चौघींकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढून एकेक खातं ताडून बघा. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

आता दीड लाखांचं. रोख द्यायचे नाहीत, एक रुपयासुद्धा नाही. वसुली खात्यात नोकरी केली म्हणून सांगते, तिथली माणसं बदलत राहतात, पण कोर्टातला कागद तिथंच असतो. आधी बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र घ्या: रक्कम, मुदत, आणि हुकूमनाम्याची पूर्ण फेड झाल्याचं कोर्टाला कळवण्याची हमी. पैसे थेट कर्जखात्यात भरा. मग बँकेच्या वकिलाकडून कोर्टात पूर्ण वसुलीची पुरसिस, म्हणजे पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन, दाखल करून घ्या आणि तिची नक्कल जपून ठेवा. हे सोडू नका, कारण कोर्टाबाहेर दिलेल्या पैशांची कोर्टात नोंद नसेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालवणारं कोर्ट ते मोजत नाही. बँकेनं टाळाटाळ केली तर तुम्ही स्वतः अर्ज करू शकता, पण त्याला पैसे भरल्यापासून ३० दिवसांचीच मुदत आहे.

‘तीन वर्षं झाली की कर्ज बुडतं’ असं कट्ट्यावर ऐकलं असेल. ते दावा लावण्यापुरतं. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षं मागता येते, म्हणजे तुमचा २०३४ पर्यंत जिवंत आहे. पगारावर जप्ती आली तरी सगळा पगार जात नाही: पहिले १००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. तुमच्या पगारात साधारण ९ हजारांपर्यंतच हात घालता येईल. वाटाघाटीला बसताना हा आकडा डोक्यात असू द्या.

कार्डाच्या खात्यावर ‘सेटल्ड’, म्हणजे कमी पैशांत मिटवलं, असा शेरा असेल. घरकर्ज देणारे त्यावर नाक मुरडतात. सोडलेले २२ हजार पुढेमागे भरायची तयारी असेल तर त्या बँकेला विचारा, पण आधी शेरा ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) करण्याचं लेखी घ्या. दीड लाखांच्या तडजोडीवरही तोच शेरा बसणार. पूर्ण रक्कम झेपत असेल तर तीच भरा.

एवढं झाल्यावर वीसेक हजारांची एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घ्या. किराणा आणि वीजबिलापुरतं वापरा, बिल दर महिन्याला पूर्ण भरा. घरकर्जाचे अर्ज आत्ताच चार ठिकाणी टाकत बसू नका. प्रत्येक चौकशी अहवालात उमटते. आणि नोकरीवरच्या कुणी जामीन राहा म्हटलं, तर सध्या नाही म्हणा. जामीन राहिलेलं कर्जही तुमच्याच अहवालात दिसतं.