रेसिंग टीमचा बॉस परफेक्शनिस्ट असेल तर टीम खरंच जिंकते का? रॉन डेनिस यांच्या उदाहरणावरून सांगाल का?

प्रश्नात डेनिस यांचं नाव घेतलंत ते बरं केलंत, कारण या स्वभावाचा नफा आणि तोटा दोन्ही त्यांच्या एकट्याच्या खात्यात सापडतात. 1981 ते 2008 या काळात त्यांच्या मॅक्लारेन या फॉर्म्युला वन टीमने ड्रायव्हर्सची 10 आणि कन्स्ट्रक्टर्सची (म्हणजे टीमची) 7 जगज्जेतेपदं मिळवली. तेव्हा टीम जिंकते, यात वाद नाही. पण माझं मत असं आहे की जे काम आदल्या रात्री तपासून ठेवता येतं तिथे हा स्वभाव सोन्यासारखा आहे; जे काम ऐन शर्यतीत अर्धवट माहितीवर करावं लागतं, किंवा जिथे माणसं सांभाळायची असतात, तिथे तो अंगाशी येतो.

डेनिस मुळात मेकॅनिक. 1966 साली कूपर टीममध्ये हातात पाना घेऊन सुरुवात केलेला माणूस. त्यांच्या स्वच्छतेच्या वेडाची लोक खूप थट्टा करतात, पण गॅरेजची फरशी लखलखीत ठेवण्यामागे हिशेब असतो. फिकट, कोरड्या फरशीवर तेलाचा एक थेंब पडला तरी दिसतो, आणि तो हायड्रॉलिकचा आहे, गिअरबॉक्सचा आहे की कूलंट आहे, हे रंगावरून आणि जागेवरून ओळखता येतं. फरशी आधीच काळवंडलेली असेल तर आजची गळती कोणती आणि कालचा डाग कोणता, कळायला मार्ग नाही. खाली एखादा वॉशर सापडला तर तो गाडीतून कुठूनतरी कमी झालाय, आणि कुठून ते कळल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. ही शिस्त.

या शिस्तीचं सर्वात मोठं फळ म्हणजे 1981 ची एमपी4/1 ही गाडी. 1977 नंतर एकही शर्यत न जिंकलेल्या मॅक्लारेनमध्ये 1980 साली डेनिस यांची प्रोजेक्ट फोर ही रेसिंग टीम विलीन झाली आणि डिझायनर जॉन बर्नार्ड यांनी फॉर्म्युला वनमधला पहिला कार्बन फायबरचा मोनोकॉक (ड्रायव्हर बसतो तो गाडीचा एकसंध सांगाडा) रेखाटला. तो बनवून दिला अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या हर्क्युलिस कंपनीने.

कार्बनच्या कामात निष्काळजीपणा का चालत नाही, ते थोडं जवळून बघा. रेझिन मुरवलेले कार्बनचे पत्रे फ्रीझरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यापासूनचे त्यांचे तास मोजतात, कारण खोलीच्या तापमानाला रेझिन हळूहळू घट्ट व्हायला लागतं. बंद पिशवीतच पत्रा पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. घाईने पिशवी उघडली तर हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पुढे भट्टीत त्याचे बुडबुडे होतात. मग ठरलेल्या आकारात कापून, प्रत्येक थर ठरलेल्या कोनात साच्यात हाताने बसवायचा. ठरावीक थरांनंतर व्हॅक्यूम लावून मधली हवा काढायची, आणि शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये (दाब देणाऱ्या भट्टीत) उष्णता व दाब देऊन पक्कं करायचं. प्रत्येक पत्र्याला पातळ संरक्षक फिल्म असते. तिचा नखाएवढा तुकडा जरी दोन थरांत राहिला, तरी तिथे थर एकमेकांना चिकटतच नाहीत. वरून काही दिसत नाही. धडक बसली की बरोबर तिथून भाग उकलतो. म्हणून सोललेल्या फिल्म मोजून ठेवायच्या: जितके थर, तितक्या फिल्म. हे काम कंटाळवाणं आहे, आणि डोक्यावर डेनिससारखा माणूस असल्याशिवाय शंभराव्या थरालाही तितक्याच काळजीने होत नाही. 1981 मध्येच मोन्झाच्या शर्यतीत ड्रायव्हर जॉन वॉटसन यांची एमपी4/1 इतकी जोरात आदळली की इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

1988 सगळ्यांना माहीत आहेच: मॅक्लारेनने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. त्यावर्षी त्यांच्यासारख्या टर्बो इंजिनच्या गाड्यांना शर्यतीला फक्त 150 लिटर इंधन होतं, तरीही.

आता तोट्याची बाजू. 2003 ची एमपी4-18 कागदावर अप्रतिम होती. सगळं इतकं घट्ट आणि नाजूक बसवलेलं की गाडी क्रॅश टेस्टमध्ये अडकली, चाचण्यांतही भरवशाची ठरली नाही आणि एकही शर्यत धावली नाही. त्यांचे ड्रायव्हर रायकोनेन आदल्या वर्षीच्या गाडीच्या सुधारित आवृत्तीवर अख्खा हंगाम खेळले आणि 2 गुणांनी विजेतेपद हुकलं. जुनी गाडीच सुधारायची असं मार्चमध्ये ठरवून सगळी ताकद तिच्यावर लावली असती तर? मला वाटतं, 2 गुण काही फार नव्हते.

पण खरा धडा 2007 चा. चीनच्या शर्यतीला मॅक्लारेनचे हॅमिल्टन 107 गुणांवर होते, त्यांचेच सहकारी अलोन्सो 95 आणि आता फेरारीत गेलेले रायकोनेन 90. शर्यती दोनच उरल्या होत्या. ओल्या ट्रॅकवर सुरुवात झाली. पहिल्या पिट स्टॉपला (इंधन-टायरसाठीच्या थांब्याला) हॅमिल्टनच्या गाडीत फक्त इंधन भरलं, इंटरमीडिएट (ओलसर ट्रॅकचे) टायर तेच ठेवले. ट्रॅक वाळत गेला, मागचे टायर झिजून आतला कापडी थर दिसायला लागला. तरी टीम थांबली, कारण पुन्हा पाऊस येणार का याची खात्री हवी होती. कोरडे टायर लावले आणि पाऊस आला तर एक स्टॉप फुकट जाणार. शेवटी गाडी आत बोलावली तेव्हा पकड उरलीच नव्हती. पिट लेनच्या वळणावर ती घसरली आणि खडीत रुतली. हंगामाच्या अखेरीला रायकोनेन 110, हॅमिल्टन आणि अलोन्सो दोघेही 109. टायर दोन-तीन लॅप आधी बदलले असते तर तो निर्णय शंभर टक्के बरोबर नसता ठरला कदाचित, पण गाडी शर्यतीत राहिली असती. अचूक क्षणाची वाट बघणाऱ्या पिट वॉलला (ट्रॅकच्या कडेला बसून निर्णय घेणाऱ्यांना) पुरेसा चांगला क्षण दिसत नाही.

त्याच वर्षी दोन ड्रायव्हर्सना अगदी समान वागणूक देण्याचा हट्टही फसला. हंगेरीच्या पात्रता फेरीत ठरलेला क्रम मोडून हॅमिल्टनने अलोन्सोला पुढे जाऊ दिलं नाही, मग अलोन्सो पिटमध्ये थांबून राहिले आणि हॅमिल्टनचा शेवटचा लॅप गेला. नियम कागदावर बिनचूक होता. पण चिडलेल्या माणसाला लावायला टॉर्क रेंच (नेमक्या जोराने नट आवळणारा पाना) मिळत नाही. डिझायनर एड्रियन न्यूई यांनी आपल्या खोलीच्या भिंती टीमच्या राखाडीऐवजी निळ्या रंगवल्या, तर तेही डेनिस यांना खटकलं होतं. अशी माणसं पुढे दुसरी टीम शोधतात. न्यूई 2006 मध्ये रेड बुलला गेले.

तुम्ही स्वतः एखादी टीम चालवत असाल तर एक गोष्ट जरूर तपासा: चूक सांगणाऱ्याचं काय होतं? पिट स्टॉपला एका चाकावर तिघं असतात. एक चाकाचा नट आवळणारी गन चालवतो, एक जुनं चाक काढतो, एक नवं बसवतो. नट घट्ट झाला की गनवाला इशारा देतो आणि चारही इशारे आल्यावर गाडी सुटते. नट आडवा बसला असेल तर गन फिरायची थांबते आणि क्षणभर तो घट्ट झाल्यासारखाच वाटतो. अशा वेळी शंका आली तर हात वर करायची गनवाल्याला भीती वाटता कामा नये. अर्ध्या सेकंदाच्या उशिरावरून बोलणी खाल्लेला माणूस शंका गिळतो आणि इशारा देतो. मग गाडी सैल चाकावर बाहेर पडते.

काटेकोरपणात मर्सिडीज टीमचे बॉस टोटो वोल्फ कमी नाहीत, पण तिथे दोष माणसाला नाही, प्रक्रियेला द्यायचा असा दंडक आहे. 2021 मध्ये मोनॅकोला त्यांचे ड्रायव्हर बोटास यांच्या गाडीचा नट गन तिरकी लागल्याने इतका घासला गेला की चाक निघेचना, आणि दुसऱ्या क्रमांकावरची गाडी शर्यतीतून गेली. ते चाक शेवटी इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या त्यांच्या कारखान्यात निघालं. टीमने गनवाल्याला पुढे करण्याऐवजी नटाची रचना आणि गन लावण्याचा कोन यांवर बोट ठेवलं. त्याच हंगामात त्यांनी सलग आठवं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद मिळवलं.