पाचव्या वर्षाचा हिशेब

सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. बीबीएच्या शेवटच्या वर्षातच एमबीएचे काही विषय घ्यायचे, एक वर्ष वाचवायचं आणि प्रवेशाची धावपळ टाळायची, हा तुझा बेत मी नीट वाचला. मनात उत्साह आहे हे दिसतंय, आणि तो मला आवडला. पण हे वर्ष वाचतं ते नेमकं कुठून, हे आधी पाहून घे.

ही रचना जुनीच आहे. १९०० साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात टक स्कूल हे व्यवस्थापन विद्यालय सुरू झालं तेव्हा तीन वर्षं पदवीची आणि दोन व्यवस्थापनाची, अशी सोय होती. चौथं वर्ष दोन्हीकडे धरलं जाई. आजच्या चार अधिक एक, म्हणजे चार वर्षं पदवीची आणि एक पदव्युत्तर, अशा अभ्यासक्रमांतही काही विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, दोनदा मोजले जातात. ही जागा बहुधा ऐच्छिक विषयांतून निघते. म्हणजे मानसशास्त्र, इतिहास, एखादी परकी भाषा, जास्तीचं संख्याशास्त्र. हे विषय पुढे नोकरी करताना कोणी निवांत शिकवत नाही, म्हणून ते सोडताना मला तरी वाईट वाटेल.

तुझ्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एमबीएचं पहिलं वर्ष मुळात इंजिनीअर, डॉक्टर, वकील अशांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं असतं. लेखांकन, वित्त, विपणन, उत्पादन व्यवस्थापन हे सगळं तू बीबीएत शिकली आहेस. तेच पुन्हा, जास्त फी भरून, कशाला शिकायचं? त्या विषयांतून सूट मिळते का आणि त्यांच्या जागी वरच्या पातळीचे विषय घेता येतात का, हे विचारून घे. नकार आला तर तो अभ्यासक्रम तुझ्यासाठी नाही.

आता मुख्य गोष्ट. एमबीएच्या वर्गात निम्मं शिक्षण शेजारी बसलेल्यांकडून होतं. साठा का तुंबला, चांगला माणूस नोकरी का सोडून गेला, यावर चर्चा चालते तेव्हा ज्याने ते भोगलंय तो वेगळं बोलतो. हार्वर्डची दोन अधिक दोन योजना शेवटच्या वर्षात प्रवेश पक्का करते, पण आधी किमान दोन वर्षं काम करायला लावते. येल विद्यापीठाच्या सिल्व्हर स्कॉलर्स योजनेत पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, तरी दोन शैक्षणिक वर्षांच्या मध्ये पूर्णवेळ काम करावंच लागतं. लवकर दार उघडणाऱ्या या संस्थांनीही अनुभवाची अट सोडलेली नाही, हे लक्षात घे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लवकर करायचंच असेल तर लेखांकन, वित्त किंवा विदा (डेटा) विश्लेषण अशा एका विषयातली पदव्युत्तर पदवी कर. अमेरिकेत सीपीए, म्हणजे सनदी लेखापालाच्या, परवान्यासाठी बहुतेक राज्यांनी वर्षानुवर्षे १५० क्रेडिट मागितले आणि पदवी साधारण १२० क्रेडिटची; तिथे पाचव्या वर्षाला खरं काम आहे. एमबीए मात्र राखून ठेव. ते एकदाच होतं; आधी एमबीए झालेल्याला अनेक नामांकित संस्था पुन्हा घेत नाहीत. शिवाय अनुभव नसताना एमबीए घेऊन बाहेर पडलीस, तर पुष्कळदा पदवीधराला मिळते तीच पहिली पायरी हाती येते.

बारावीनंतर थेट पाच वर्षांचे अभ्यासक्रमही आहेत. आयआयएम इंदूरने २०११ साली असा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. अशी वाट कुठल्याही जोड-अभ्यासक्रमात आहे का ते बघच. विसाव्या वर्षी आवड बदलली तर तो काही गुन्हा नाही.

घरचा व्यवसाय तुझी वाट बघत असता आणि सुट्टीत तू गल्ल्यावर बसत असतीस, तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

जीमॅट ही एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा मात्र आताच दे. अभ्यासाची सवय ताजी आहे आणि गुण पाच वर्षं चालतात.

पुढच्या आठवड्यात विभागाकडून लेखी उत्तरं घे: कोणते क्रेडिट दोन्हीकडे धरतात, मधेच थांबल्यास पदवी मिळते का, आणि पाचव्या वर्षी तुझी शिष्यवृत्ती चालू राहते का. शिष्यवृत्ती अनेकदा पदवीपुरतीच असते. उत्तरं आली की मला पाठव, मग विषयांची यादी आपण मिळून पाहू.

तुझा शुभचिंतक